तालमीतील विनय आणि आत्मसुधारणेची साधना : खाशाबा जाधव यांच्या ऑलिंपिक प्रवासाचा (१९४८–१९५२) एक अभ्यास

प्रस्तावना

२३ जुलै १९५२ रोजी फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे खाशाबा दादासाहेब जाधव यांनी मुक्त शैलीच्या कुस्तीत बँटमवेट गटाचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतरचे वैयक्तिक पदक लिअँडर पेस यांनी १९९६ साली अटलांटा येथे टेनिसमध्ये मिळविले. कुस्तीतील पुढचे पदक तर सुशीलकुमार यांच्या रूपाने २००८ साली बीजिंग येथे आले. चव्वेचाळीस आणि छप्पन्न वर्षांची ही दोन अंतरे पाहिली म्हणजे हेलसिंकीच्या त्या यशाचे मोल वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

मात्र या पदकाच्या तेजात एक गोष्ट झाकली जाते. चार वर्षांपूर्वी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, हेच खाशाबा फ्लायवेट गटात सहाव्या स्थानावर राहिले होते. सहाव्या स्थानापासून तिसऱ्या स्थानापर्यंतचा हा प्रवास वरच्या वजनगटात झाला, मातीऐवजी गादीवर झाला आणि संस्थानी राजाश्रय संपुष्टात आल्यानंतरच्या काळात झाला. तो कसा शक्य झाला, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः जिद्द, निष्ठा, देशप्रेम अशा शब्दांत दिले जाते. हे शब्द खोटे नाहीत. पण जिद्दी मल्ल त्या काळी पुष्कळ होते, त्यामुळे एकाच्या प्रगतीचा उलगडा या शब्दांनी होत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या प्रगतीचे मूळ महाराष्ट्रातील तालीम परंपरेने घडविलेल्या एका विशिष्ट वृत्तीत आहे. तिला ‘विनय’ असे नाव देता येईल. तालमीतील विनय हा सभ्यतेचा अलंकार नव्हता. स्वतःची उणीव रोजच्या रोज ओळखून ती भरून काढण्याची ती एक कार्यपद्धती होती. या वृत्तीचे स्वरूप, तिची फलश्रुती आणि तिच्या मर्यादा यांचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

तालीम परंपरेचा पूर्वेतिहास

दख्खनमध्ये मल्लविद्येला राजदरबारी मान होता याचा महत्त्वाचा लेखी पुरावा बाराव्या शतकातील आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांची वर्गवारी, त्यांचा आहार आणि व्यायाम यांची चर्चा येते. गुजरातमधील ज्येष्ठीमल्ल समाजाशी निगडित असलेला ‘मल्लपुराण’ हा ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली प्रकाशित केला. तोही मल्लविद्येकडे शास्त्र म्हणून पाहतो. विसाव्या शतकात बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. मराठीत व्यायामविषयक ज्ञानाची एवढी मोठी मांडणी होऊ शकली, यावरून या परंपरेच्या विस्ताराची कल्पना येते.

या परंपरेच्या मुळाशी असलेला एक विचार आयुर्वेदातही आढळतो. ‘सुश्रुतसंहिते’नुसार व्यायाम आपल्या बलाच्या अर्ध्यापर्यंतच करावा, ती मर्यादा कोठे येते हे शरीराच्या लक्षणांवरून ओळखावे. हा नियम वरवर पाहता सावधगिरीचा वाटतो. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे : व्यायाम करणाऱ्याला आपले बल नेमके किती, हे ठाऊक असले पाहिजे. आपल्या बलाचा अंदाज चुकविणारा अहंकार येथे आरोग्यालाच घातक ठरतो. विनय आणि शरीरसाधना यांचा संबंध असा शास्त्रदृष्ट्याही जुना आहे.

आधुनिक काळात या परंपरेला सर्वांत मोठा आश्रय लाभला तो कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) देशाच्या निरनिराळ्या भागांतील मल्लांना कोल्हापुरात आणून सांभाळले. ते स्वतः कुस्ती जाणणारे होते. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि पुढे कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ साली खुल्या झालेल्या या मैदानात मधला हौदा उंचावर आणि भोवतालची बैठक उतरत्या रचनेची असल्याने हजारो प्रेक्षकांना कुस्ती विनाअडथळा दिसे. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींमुळे कोल्हापूर ही मल्लांची पंढरी ठरली. या तालमींत हिंदू व मुसलमान, सधन शेतकऱ्याचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच हौद्यात उतरत. लंगोट चढवून अंगाला माती लागली की बाहेरचा दर्जा निदान तेवढ्या वेळापुरता मागे पडे. आपल्या जातिभेदग्रस्त समाजात ही गोष्ट लहान नव्हती.

हौद्यातील आचार आणि त्यांचे कार्य

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ आल्टर यांनी ‘द रेसलर्स बॉडी’ (१९९२) या ग्रंथात बनारसच्या आखाड्यांचा अभ्यास करून दाखवून दिले की, मल्लाचे जीवन ही एक सर्वांगीण नैतिक शिस्त असते. महाराष्ट्रातील तालमीलाही हे निरीक्षण बव्हंशी लागू पडते. मात्र येथे प्रश्न थोडा वेगळा आहे : ही नैतिक शिस्त मल्लाला अधिक चांगला मल्ल कशी बनवते? त्यासाठी तालमीतील चार आचारांकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिला आचार मातीला वंदन करण्याचा. मल्ल हौद्यात उतरताना माती कपाळाला लावतो. ताक, तेल, हळद, लिंबू इत्यादी घालून मऊ केलेली ही माती त्याच्या दृष्टीने पूज्य असते. हे वंदन धार्मिक आहेच. पण त्याचा एक व्यावहारिक अर्थही आहे. कालचा विजय किंवा पराभव हौद्याबाहेर ठेवून मल्ल आजच्या मेहनतीला नव्याने आरंभ करतो.

दुसरा आचार हौदा खणण्याचा. फावड्याने माती उकरून ती सारखी करणे हे कष्टाचे काम आहे. त्याने खांदे, पाठ आणि कंबर यांना व्यायाम होतो, म्हणून ते मेहनतीचाच भाग मानले जाते. परंतु सर्वांच्या उपयोगाचे काम नामांकित मल्लालाही स्वहस्ते करावे लागते, हा संस्कार त्यातून आपोआप घडतो. व्यायाम आणि सेवा यांची फारकत तालमीने केली नाही.

तिसरा आचार, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे जोड. जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल, करेला ही मेहनत एकट्याची असते. जोड मात्र दुसऱ्याबरोबर करावी लागते. आपल्याहून भारी मल्लाशी जोड केली की बचाव शिकता येतो, हलक्याशी केली की नवा डाव बसविता येतो. यामुळे तालमीत प्रत्येकजण रोज कोणाच्या तरी हातून पडतो आणि रोज कोणाला तरी पाडतो. मैदानात पाठ लागणे हा जाहीर पराभव. तालमीत पाठ लागणे हा दिनक्रम. पडण्याची लाज हौद्यातच जिरते आणि का पडलो याचा विचार शिल्लक राहतो. ज्याला पडणे सहन होत नाही तो भारी मल्लाशी जोड करण्याचे टाळतो, आणि त्याची वाढ तेथेच खुंटते. या अर्थाने विनय ही तालमीतील प्रगतीची पूर्वअट होती.

चौथा आचार वस्तादाच्या आज्ञेचा. मल्लाला आपला तोल कोठे जातो, पाय कोठे उघडा पडतो हे स्वतःला दिसत नाही. ते काठावर बसलेल्या वस्तादाला दिसते. स्वतःच्या शरीराविषयी दुसऱ्याचा निर्णय मान्य करणे ही सोपी गोष्ट नव्हे. वस्तादाच्या पाया पडण्याच्या रीतीमागे ही मान्यता आहे.

याच सुमारास व्यायामाचे एक वेगळे दर्शनही भारतात पोहोचले होते. प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू यूजीन सँडो यांनी १९०४–०५ च्या सुमारास भारताचा दौरा केला आणि पीळदार देहाच्या प्रदर्शनाचे आकर्षण येथेही वाढले. त्या पद्धतीने अनेकांना व्यायामाकडे वळविले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु तिच्यात प्रगतीचे माप आरसा आणि मोजपट्टी हे होते. तालमीत माप होते समोरचा मल्ल. आरसा माणसाला हवे तेच दाखवू शकतो. जोडीदार तसे करीत नाही.

लंडन १९४८ : उणिवेची ओळख

खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा धाकटे. कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाने त्यांची कुस्ती घडली. शरीराने ते आडमाप नव्हते. चपळाई आणि ढाकेसारखा हुकमी डाव हे त्यांचे बळ होते. पुढे ‘पॉकेट डायनॅमो’ असे नाव त्यांना मिळाले ते यामुळेच.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. पहिल्या लढती त्यांनी जिंकल्या. पुढे इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून ते पराभूत झाले आणि अखेर सहाव्या स्थानावर राहिले. तोपर्यंत कोणाही भारतीयाने ऑलिंपिक कुस्तीच्या या गटात एवढी मजल मारली नव्हती. घरी परतून एवढ्यावर समाधान मानणे सहज शक्य होते, आणि त्याबद्दल कोणी बोल लावला नसता.

परंतु लंडनने त्यांना दोन कुस्त्यांमधील अंतर दाखवून दिले होते. मातीतील कुस्तीत चीतपट हाच खरा निकाल; प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत कुस्ती चाले. ऑलिंपिकच्या लढतीला वेळेची मर्यादा होती, पंचांचा कौल निर्णायक ठरू शकत होता आणि चीत न होताही मल्ल हरू शकत होता. मऊ मातीत पाय रुततो, त्यामुळे सावकाश पकड घेऊन प्रतिस्पर्ध्याला दमविण्यास वाव असतो. गादीवर हालचाल वेगवान होते. तेथे पहिल्या क्षणापासून आक्रमण करावे लागते. शिवाय सलग दिवसांत निरनिराळ्या देशांच्या, अपरिचित शैलीच्या मल्लांशी गाठ पडते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मातीतील यशस्वी मल्लाला गादीवर पराभव आला, तर त्याच्यापुढे दोन स्पष्टीकरणे असतात. ‘ही आपली कुस्तीच नव्हे’ असे म्हणून तो नियमांना दोष देऊ शकतो; किंवा ‘या कुस्तीत आपण अजून नवशिके आहोत’ असे मान्य करू शकतो. पहिले स्पष्टीकरण अभिमान राखते, दुसरे अभ्यासाचा मार्ग उघडते. खाशाबांच्या पुढील चार वर्षांच्या तयारीवरून त्यांनी दुसरा मार्ग पत्करला असे निःसंशय म्हणता येते.

१९४८ ते १९५२ : साधना, निवड आणि पाठबळ

या चार वर्षांत तीन पातळ्यांवर बदल झाले. पहिला बदल शारीरिक. फ्लायवेटची मर्यादा ५२ किलो, तर बँटमवेटची ५७ किलो. पाच किलोंचा हा फरक लहान वाटला, तरी हलक्या गटातील मल्लाला वर जाताना केवळ वजन वाढवून भागत नाही. वाढलेल्या वजनासह चपळाई टिकवावी लागते. त्यांच्या तयारीच्या वर्णनांत सुमारे हजार बैठका आणि अडीचशे ते तीनशे जोर अशा मेहनतीचा उल्लेख येतो. हे व्यायामप्रकार तालमीतले, जुनेच होते. उद्दिष्ट मात्र नवे होते : ठरावीक वेळेच्या लढतीत अखेरपर्यंत वेग राखणे. परंपरेतील साधन न टाकता त्याचा नव्या गरजेसाठी उपयोग करणे, हे या तयारीचे वैशिष्ट्य होय.

दुसरा प्रसंग निवडीचा. हेलसिंकीसाठीच्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला, पंचांच्या गुणदानामुळे आपले नाव मागे पडले, अशी खाशाबांची भावना झाली. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरलढत झाली आणि तीत त्यांनी निरंजन दास यांना चीत करून आपला हक्क सिद्ध केला. तालमीतील विनयाचा नेमका अर्थ या प्रसंगात दिसतो. जो मल्ल हौद्यात रोज पडणे आनंदाने स्वीकारतो, तो चुकीचा निकालही मुकाट्याने स्वीकारतो असे नाही. विनय सत्यासमोर असतो. आपण कमी पडलो असू तर तसे मान्य करणे आणि कमी पडलो नसू तर तेही स्पष्टपणे सांगणे, दोन्ही त्यातच येते. शिवाय दाद मागताना खाशाबांनी मागितली ती सवलत नव्हे, आणखी एक लढत. स्वतःला पुन्हा कसोटीवर ठेवण्याची ती तयारी होती.

तिसरा बदल पाठबळाचा. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने हे इष्टच होते. परंतु मल्लांना पोसणारा राजाश्रय त्याबरोबर संपला आणि त्याची जागा घेणारी शासकीय व्यवस्था अद्याप उभी राहिली नव्हती. या पोकळीत १९५२ च्या प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. गोळेश्वर व परिसरातील लोकांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केल्याची हकिकत सर्वश्रुत आहे. मुंबई सरकारकडे केलेल्या विनंतीला आरंभी प्रतिसाद मिळाला नाही. पुढे चार हजार रुपयांचे साहाय्य झाले. एका प्राचार्याने विद्यार्थ्याच्या गुणावर विश्वास टाकून स्वतःचे घर पणाला लावावे, ही घटना महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाच्या इतिहासातही नोंदविण्याजोगी आहे.

हेलसिंकी १९५२

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडाचे आद्रियाँ पोलिकँ, मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनंड श्मिट्झ यांच्यावर मात केली. अखेरच्या टप्प्यात सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह आणि जपानचे शोहाची इशी यांच्याकडून ते पराभूत झाले. इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. दोन कठीण लढतींमध्ये त्यांना पुरेशी विश्रांती मिळाली नाही आणि त्या वेळी त्यांची बाजू मांडण्यास कोणी भारतीय अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात आवर्जून सांगितले जाते. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे हे फेदरवेट गटात चौथे आले. एका शहराच्या परिसरातील दोन मल्ल एकाच ऑलिंपिकमध्ये अशी मजल मारतात, तेव्हा ते यश दोन व्यक्तींपुरते राहत नाही. त्यामागील तालीम परंपरेचीही ती पावती ठरते.

मायदेशी परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु या गौरवानंतर खाशाबांनी काय केले, हे अधिक बोलके आहे. त्यांनी कुस्त्यांचे आयोजन केले, स्वतः हौद्यात उतरले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांच्या घराचे कर्ज फेडण्यास हातभार लावला. ऑलिंपिक पदक गळ्यात पडल्यावरही हा मल्ल पुन्हा मातीत उतरला, तो ऋण मान्य करण्यासाठी. कृतज्ञता ही येथे भाषणातून व्यक्त झाली नाही. ती मेहनतीतून व्यक्त झाली.

एक पूरक उदाहरण : गणपतराव आंदळकर

हे एकाच व्यक्तीचे स्वभाववैशिष्ट्य नव्हते, हे दाखविण्यासाठी पुढील दशकातील एक उदाहरण पुरेसे आहे. सांगली जिल्ह्यातील पुनवत येथील गणपतराव आंदळकर हे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडले आणि १९६० साली ‘हिंदकेसरी’ झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन शैलीत सुवर्ण आणि मुक्त शैलीत रौप्यपदक मिळविले. ग्रीको-रोमन शैलीत कमरेखाली पकड करण्यास किंवा पायांचा डाव लावण्यास मनाई असते. मातीतील मल्लाच्या भात्यातील कित्येक डाव त्यामुळे निरुपयोगी ठरतात. देशातील सर्वोच्च किताब मिळविल्यानंतर आपली निम्मी विद्या बाजूला ठेवून नव्या शैलीत विद्यार्थी होणे, आणि त्याच शैलीत सुवर्ण मिळविणे, यासाठी केवळ ताकद पुरेशी नाही. ‘हिंदकेसरी’ हे बिरुद हौद्याबाहेर काढून ठेवण्याची सवय त्यासाठी लागते. पुढे अनेक वर्षे आंदळकर स्वतः मोतीबागेत वस्ताद म्हणून नव्या पिढीला शिकवीत राहिले.

विनयाच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून तालीम परंपरा सर्वथा निर्दोष होती असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या वृत्तीने मल्ल घडले, तिच्याच काही विकृतीही होत्या.

पहिली विकृती वस्तादाच्या अधिकारासंबंधी. ‘वस्ताद एक डाव राखून ठेवतो’ हे वचन मराठीत कौतुकाने वापरले जाते. शिष्याने गुरूवर उलटू नये, हा त्याचा अर्थ. परंतु राखून ठेवलेला डाव वस्तादाबरोबर नाहीसाही होतो. जेथे शिष्याने नम्र राहायचे आणि गुरूने मात्र शिकणे थांबवायचे, तेथे विनय एकतर्फी होतो आणि विद्या आटत जाते. गादीच्या कुस्तीकडे अनेक तालमी उशिरा वळल्या, यामागे साधनांचा अभाव होता तसा हा मनोभावही होता.

दुसरी मर्यादा प्रवेशाची. तालीम जातीच्या भिंती काही अंशी ओलांडू शकली. स्त्रियांना मात्र तिने दीर्घकाळ हौद्याबाहेर ठेवले. महिला कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये समावेश २००४ साली अथेन्स येथे झाला आणि साक्षी मलिक यांनी २०१६ साली रिओ येथे कांस्यपदक मिळविले. आत्मसुधारणेची जी साधना सर्व मानवांना लागू पडते, ती अर्ध्या समाजाला नाकारली गेली होती, हे मान्य करावे लागते.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, कारण तिची किंमत स्वतः खाशाबांना मोजावी लागली. १९५५ साली ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ च्या ऑलिंपिकचा मार्ग बंद झाला. पोलीस दलात बराच काळ त्यांना पदोन्नती मिळाली नाही; सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, २००० सालासाठी. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव २०१० साली देण्यात आले. हयातीत ज्याची दखल घ्यावयाची, त्याच्या पश्चात ती घेतली गेली.

या उपेक्षेचे समर्थन कधी कधी त्यांच्या साधेपणाचा गौरव करून केले जाते : ते निगर्वी होते, त्यांनी काही मागितले नाही. हा युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे. मल्लाचा विनय ही त्याची स्वतःशी असलेली शिस्त आहे; संस्थांनी आपले कर्तव्य टाळण्यासाठी वापरावयाची ती सबब नव्हे. निवडीच्या वेळी दाद मागणारे खाशाबा हेच सांगून गेले होते. ज्याने स्वतःच्या उणिवांचा हिशेब इतका चोख ठेवला, त्याच्या ऋणाचा हिशेब समाजाने तितका चोख ठेवला नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) महाराष्ट्रातील तालीम परंपरेत विनय आणि शारीरिक प्रगती या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हत्या. मातीला वंदन, हौदा खणणे, जोड आणि वस्तादाची आज्ञा या आचारांतून स्वतःची उणीव ओळखण्याची सवय लावली जाई, आणि तीच सुधारणेचे साधन होई.

२) खाशाबा जाधव यांचे १९५२ चे यश हे १९४८ च्या पराभवाच्या प्रामाणिक वाचनातून आले. परंपरागत मेहनत कायम ठेवून त्यांनी ती नव्या नियमांच्या कुस्तीला जुळवून घेतली. गणपतराव आंदळकर यांचे ग्रीको-रोमन शैलीतील यश याच वृत्तीची साक्ष देते.

३) विनय म्हणजे निमूटपणा नव्हे. निवडीविरुद्ध दाद मागणे आणि पदकानंतर कर्ज फेडण्यासाठी पुन्हा हौद्यात उतरणे या दोन्ही कृती एकाच स्वभावातून आल्या होत्या.

४) ही वृत्ती टिकविण्याची जबाबदारी एकट्या खेळाडूची नसते. राजाश्रय गेला आणि लोकाश्रय अपुरा पडला, त्या संधिकाळात एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी ती आपली मानली.

आज महाराष्ट्रकेसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात. कोल्हापूरच्या तालमींत गाद्या आल्या आहेत, शहरोशहरी व्यायामशाळा उभ्या राहिल्या आहेत. महाविद्यालयांच्या जिमखान्यांतही साधनांची तेव्हासारखी वानवा उरलेली नाही. परंतु साधने वाढली म्हणून पडण्याची आणि पडल्यावर कारण शोधण्याची सवय आपोआप लागत नाही. ती लावावी लागते, आणि लावणाऱ्याला आधी स्वतः ती असावी लागते. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात तालीम परंपरेचा समावेश करावयाचा, तर डावांच्या नावांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा जोडीची ही शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी बाणविणे अधिक फलदायी ठरेल.